पिकल्या गवताचा रंग

आमच्या चौघांच्या हार्ड डिस्क भरल्या की आम्ही एखाद्या रविवारी बसून फोटो उडवतो. हललेले उडवतो, जास्त उजेडानं आभाळ जळालेले उडवतो, एकाच बगळ्याचे ढीगभर असले तर एक ठेवून बाकीचे उडवतो. किस्से मात्र उडवता येत नाहीत. ते साठतच जातात, आणि चहा आला की आपोआप वर येतात. परवा माझी वहिनी म्हणाली, "तुम्ही लोक फोटोंपेक्षा किस्सेच जास्त काढता!" तिचं बरोबर आहे. फोटो बघायला माणसं मिनिटभर थांबतात, किस्से ऐकायला खुर्ची ओढून बसतात.

आधी माणसं सांगते. पाठारे सर गिरगावातले. शाळेत चित्रकला शिकवायचे, रिटायर झाल्यावर कॅमेरा घेतला आणि दादरला शनिवारचा क्लास सुरू केला. त्या क्लासला आम्ही तिघं भेटलो. मिलिंद जाधव डिलाईल रोडचा. परळच्या एका लॅबमध्ये दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवतो. सुहास परब लालबागचा, मूळ मालवणकडचा, विम्याच्या ऑफिसात आहे. प्रत्येक गोष्टीत घाई. आणि मी वैशाली, दादरची, एका कॉलेजच्या ऑफिसात. क्लास कधीच बंद झाला, आम्ही मात्र सुटलो नाही.

आमचं वेड एकच. पाऊस संपला की दसरा ते दिवाळी या दिवसांत डोंगरावरचं गवत रंग बदलतं, त्याचे फोटो काढायचे. दसऱ्याला मिलिंद सकाळपासून विहारात असतो, परब झेंडूची तोरणं बांधत असतो, म्हणून आम्ही त्यानंतरच्या शनिवारी परबच्या गाडीतून निघतो. माळशेज चढून गेल्यावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे पार्किंग मिळायचं नाही. सरांचा नियम असा, की घरी आल्यावर कॉम्प्युटरवर रंग नीट करायचे, पण गवत गवतच दिसलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा!

*

मिलिंदचं काम म्हणजे एका दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळवणं. दिवसभर तेच केल्यामुळे त्याला सगळं जग दातांसारखं दिसतं. पहिल्याच ट्रिपला सकाळच्या उन्हात पिकलेलं गवत बघून मी म्हटलं, "काय सोनेरी आहे ना!"

तो डोळे बारीक करून म्हणाला, "सोनेरी नाही गं. पन्नाशीचा माणूस, चहा भरपूर, तंबाखू नाही."

त्या ट्रिपला गवताच्या गंजीपुढे बसलेल्या, त्या गावच्या सखारामबाबांचा फोटो मिलिंदनं काढला. बाबा मनापासून हसत होते. घरी येऊन त्यानं रंग असे नीट केले की सरांनी त्याची पाठ थोपटली. "बघा, याला म्हणतात संयम. गवत तिथे जसं होतं तसंच आलंय."

गावाकडच्या एका माणसाबरोबर आम्ही प्रिंट पाठवून दिली. काही दिवसांनी बाबांचा फोन. मिलिंदनं स्पीकरवर टाकला.

"फोटू लई झ्याक आलाय. गवात तर जसंच्या तसं! पर माझ्या तोंडात दात हायेत."

आम्ही मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. बाबांचे पुढचे दात पडून जमाना झाला होता, ते आम्ही गावात डोळ्यांनी पाहिलं होतं. मिलिंदनं हाताच्या सवयीनं, दोन्ही बाजूंच्या दातांशी रंग जुळवून, मधली जागा भरून टाकली होती! इतकं बेमालूम, की आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सर म्हणाले, "मिलिंद, गवताला जपलंस आणि माणूसच बदललास?"

"सर, मोकळी जागा बघवत नाही मला."

फोनवर बाबा थांबलेलेच होते. "मंग? ते दात कवा देताय? म्हातारी म्हंतीया, फोटूत दिलेत तर तोंडात बी द्या!"

मिलिंदनं ते मनावर घेतलं. दिवाळीनंतर बाबा मुलाबरोबर परळला आले. मिलिंद ज्या डॉक्टरांसाठी काम करतो त्यांनी माप घेतलं आणि कवळी मिलिंदनं स्वतः केली. पुढच्या वर्षी आम्ही परत त्याच गंजीपुढे. मिलिंद कॅमेरा लावून म्हणाला, "बाबा, हसा की आता!"

बाबा तोंड घट्ट मिटून बसलेले.

"काय झालं? टोचतेय का कवळी?"

"टोचत न्हाई. पर हसलो तर लोक म्हंतील, ह्ये बी एडिटिंगच!"

*

परबची आई लालबागला त्याच्याबरोबर राहते. गावची शेती काका बघतात आणि दरवर्षी त्यांच्याकडून घरचा तांदूळ मुंबईला येतो. तर एका वर्षी परब एकटाच गावाला गेला, कापणीला आलेल्या भाताचे फोटो काढले, आणि रात्रीच्या गाडीनं घरी आला. घाई इतकी, की अंघोळीच्या आधी एडिटिंग. पिवळं भात त्याला 'वाळकं' वाटलं म्हणून त्यानं हिरवा रंग थोडा वाढवला. मग अजून थोडा. मग फोटो टीव्हीवर लावून आईला हाक मारली, "आई, बघ तुझं शेत!" आणि तो अंघोळीला गेला.

आईनं शेत पाहिलं आणि सरळ गावी काकांना फोन लावला.

"अरे बाबल्या, भात अजून हिरवागार आसा आणि तू कापूक काढलंस?"

तिकडे काका शेतातच उभे. "वयनी, कोणी सांगल्यान तुमका? भात पिकान आडवा पडला हा!"

"माका हय दिसता! टीव्हीर!"

परब साबण लावलेल्या अवस्थेत ऐकत होता, पण बाहेर येईपर्यंत उशीर झाला. "माझ्यार विश्वास नाय तर तुम्हीच येवन कापा," असं म्हणून काकांनी फोन ठेवला आणि कापणी थांबवली. आईनं जेवण थांबवलं. परबनं आईला समजावलं की अगं, तो हिरवा रंग मी घातलाय. आईला पटेना. "रंग कसो घालशीत? भात काय भिंत आसा?"

लालबाग आणि मालवण यांच्यात दोन दिवस बोलणं बंद! तिकडे आकाशात ढग दिसायला लागलेले, भात भिजलं तर वर्षभराचा तांदूळ गेला. शेवटी काकांनीच, रागारागात, आपल्या तडा गेलेल्या मोबाईलवर शेताचा एक फोटो काढून पाठवला. आईनं तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, आणि फोन लावला.

"बाबल्या, काप रे. पिकला हा."

परब वैतागला. "आई, माझा कॅमेरा केवढा, त्याचा मोबाईल केवढा! माझ्यावर विश्वास नाही आणि त्याच्यावर आहे?"

आई म्हणाली, "कॅमेरो तुझो मोठो आसा. डोळे तेचे बरे."

पाऊस आला, पण सगळं भात घरात गेल्यावर आला. त्या वर्षीच्या तांदळाची पेज आम्ही चौघांनी लालबागला बसून खाल्ली. आईनं वाढताना परबला एवढंच विचारलं, "रंग बरो आसा मां? की वाढवूचो?"

*

यातून परब शिकला असेल असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं!

पुढच्याच वर्षी त्याला एक तयार फिल्टर मिळाला. एक बटण दाबलं की सगळी झाडं परदेशासारखी लाल-केशरी. त्यानं काकांच्या घरामागची आंब्याची आणि काजूची झाडं लाल केली, खाली 'ऑटम इन कोकण' असं लिहिलं आणि फोटो सोशल मीडियावर टाकला. सरांनी फोटो बघून फक्त एक वाक्य लिहिलं : "आंब्याला ताप आला आहे काय?"

पण परबचे साहेब खूश झाले. इतके खूश, की दिवाळीच्या सुट्टीत बायकोमुलांना घेऊन थेट परबच्या गावाला गेले. परबला कळलं ते काकांच्या फोनवरून. "सुहास, तुझे सायब इले हत. अंगणात उभे रवान झाडां बघतत. काय हरवला काय तेंचा?"

परबला घाम फुटला. प्रमोशनचं वर्ष होतं. "काका, त्यांना जेवायला घाला. काहीतरी सांगा. लाल पानं बघायला आलेत ते."

"लाल पाना?"

"हो. मीच केली होती लाल."

काका फोन तसाच चालू ठेवून साहेबांकडे गेले. परबला सगळं ऐकू येत होतं.

साहेब म्हणाले, "काका, ती लाल झाडं कुठायत?"

काका शांतपणे म्हणाले, "सायब, आमच्याकडे लाल होया तर खाली बघूचा. माती लाल. वर सगळा हिरवाच."

परबनं डोळे मिटून घेतले. पण साहेबांनी खाली पाहिलं, मग मुलांनी पाहिलं, मग बाईसाहेबांनी चपला काढल्या. सुट्टी संपेपर्यंत ते लोक तिथेच राहिले. परत आल्यावर साहेबांनी परबला केबिनमध्ये बोलावलं. परब मान खाली घालून उभा. साहेब म्हणाले, "परब, तुमच्यापेक्षा तुमच्या काकांना विमा विकायला ठेवायला पाहिजे!"

प्रमोशन मिळालं.

*

हा किस्सा माझा. माळशेजवरच्या त्याच गावात, डोंगराच्या अलीकडे एक उतार आहे. सकाळचं ऊन तिथे तिरकं येतं आणि गवताची प्रत्येक काडी वेगळी दिसते. मी तिथे ट्रायपॉड लावला. सरांनी थोडं खाली लावला. मिलिंद आणि परब दोघं हातात टेप असल्यासारखे इकडून तिकडे जागा शोधत फिरत होते. आता हे चित्र गावातून कसं दिसत असेल याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

थोड्या वेळानं एक आजी तरातरा वर आल्या आणि माझ्या कॅमेऱ्यासमोर फतकल मारून बसल्या.

"आजी, जरा बाजूला होता का? ऊन जाईल."

"जाऊ दे. माझ्या शेतातनं रस्ता न्हाई जायचा."

"रस्ता? कसला रस्ता?"

"मला येडी समजू नका. तीन पायांचं मशीन लावून मोजत्यात ते आमाला ठावं हाय. खालच्या वाडीला असंच मोजलं, मंग खुंट्या ठोकल्या."

तोवर गावातली आणखी माणसंही वर आली होती. कुणी चिडलेलं नव्हतं, पण सगळे माझ्या ट्रायपॉडकडेच बघत होते. एका माणसानं हलक्या आवाजात विचारलं, "बाई, खरं सांगा. कुनाची जमीन जानार?" आम्ही हौशी माणसं, आणि आमच्यामुळे यांची सकाळ अशी गेली!

सर खालून हळूहळू वर आले. आजींच्या शेजारी गवतात बसले. "आजी, तुमच्या शेतातून आज फक्त ऊन जाणार आहे. आम्ही त्याचे फोटो काढतो."

"उन्हाचं?"

"हो."

"ते काय करायचं?"

"भिंतीवर लावतो. मुंबईत आमच्याकडे समोर दुसऱ्याची भिंत असते."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना मागच्या स्क्रीनवर काढलेला फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, बोट ठेवून पाहिला. चेहरा निवळला. माणसं पुढे सरकली, डोकी एकमेकांना लागली. आणि एकदम आजींचा आवाज चढला.

"ह्ये काय? ती बाभळ कशाला घेतली?"

"छान दिसतेय म्हणून."

"त्या बाभळीपतुर माझं. तिच्यापल्याड दिराचं हाय. त्याचं कशाला भिंतीला लावता? कापून टाका!"

मी सरांकडे पाहिलं. फोटो कापायला सरांचा सक्त विरोध. फ्रेम जागेवरच नीट लावायची, हा त्यांचा हट्ट. पण समोर आजी होत्या. मी तिथल्या तिथे बाभळीपाशी फोटो कापला. बाभळ आणि उजवीकडची रिकामी जागा गेली, आणि सगळा उतार एकदम भरल्यासारखा दिसायला लागला. सरांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"आजी," ते म्हणाले, "मी हिला इतकी वर्षं शिकवतोय. बाभळ फ्रेमला जड होतेय हे माझ्या लक्षात आलं नाही."

आजी म्हणाल्या, "तुमाला दीर न्हाई, म्हनून!"

*

सर स्वतः कधी चुकत नाहीत असा आमचा समज होता. तो मोडला नवरात्रात.

दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये आमचं पहिलं प्रदर्शन ठरलं होतं, कोजागिरीच्या सुमाराला. मागच्या दोन-तीन वर्षांतले फोटो सर निवडत होते, रंग तपासत होते. आमच्यावर विश्वास नसल्यानं सगळे फोटो त्यांच्याच कॉम्प्युटरवर. नऊ दिवस ते घरातून हलले नाहीत. मग प्रिंट काढून आणल्या आणि दसऱ्यानंतर आम्हाला घरी बोलावलं. "या, बघा. याला म्हणतात नैसर्गिक."

त्यांनी स्वतः गठ्ठा सोडला. पहिला फोटो बाहेर काढला. दुसरा. तिसरा. सर थांबले. आम्ही तिघं पुढे वाकलो. डोंगर गुलाबी. गंजी गुलाबी. पाण्यातले बगळेसुद्धा नुकतेच लाजल्यासारखे.

ज्यांनी आम्हाला रंग शिकवला त्यांना रंगाचं काय सांगणार? परब खिडकीबाहेर बघायला लागला. मी पाण्याचा ग्लास उचलला. शेवटी मिलिंदच म्हणाला.

"सर, गवताला हिरड्या आल्यात."

सरांनी एक फोटो उचलून खिडकीपाशी नेला. मग बाहेर पाहिलं. मग एकदम म्हणाले, "मांडव!"

गल्लीतल्या मंडळानं देवीचा मांडव घातला होता तो सरांच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकलेला. कापड गुलाबी. नऊ दिवस सगळी खोली गुलाबी उजेडात बुडालेली, सरांचे डोळे त्याला सरावले, मग स्क्रीनवरचं साधं गवत त्यांना हिरवट वाटायला लागलं. म्हणून त्यांनी प्रत्येक फोटोत थोडा थोडा गुलाबी घातला होता. आता मांडव निघाला होता, गुलाबी राहिला होता!

प्रदर्शन अगदी तोंडावर. त्या दिवशी आम्ही तिघांनी सुट्टी टाकली, सरांच्या घरी बसलो, सगळे फोटो परत केले. काकू, म्हणजे सरांची बायको, थालीपिठं करत होत्या. सर प्रत्येक फोटोला मिलिंदला विचारायचे, "आता?" आणि मिलिंद म्हणायचा, "हिरडी गेली. दात राहिला." संध्याकाळी सगळं मार्गी लागलं.

खाली मंडळाचा अध्यक्ष बांबू मोजून घेत होता. सरांचाच जुना विद्यार्थी. सरांनी त्याला गॅलरीतून हाक मारली.

"अरे, पुढच्या वर्षी मांडवाला पांढरं कापड लाव."

"सर, पांढरं?" तो खालून ओरडला. "लोक देवीला सोडून आधी विचारतील, कोण गेलं!"

*

प्रदर्शनात एक बाई आल्या. परळच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या. माझ्या उताराच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. मला आनंद झाला.

"हाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "फक्त एक करा. गवत जरा निळसर करून द्या. आमचा सोफा निळा आहे."

मी काही बोलायच्या आत सर पुढे झाले. "बाई, गवत दरवर्षी याच रंगाचं येतं. सोफ्याचं तसं काही नाही."

त्या फणकाऱ्यानं निघून गेल्या. परब म्हणाला, "सर, एक गिऱ्हाईक आलं होतं, तेही घालवलंत!"

शेवटच्या दिवशी हॉल आवरत होतो तर त्या परत आल्या. बरोबर नवरा. त्यांनी पैसे मोजले आणि फोटो उतरवून घेतला. नवरा मात्र जाताना सरांना बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्यामुळे मी दोन दिवस सोफ्याची कापडं बघत फिरतोय. निदान पडद्यांबद्दल काही बोलू नका!"

*

आता जो किस्सा सांगणार आहे तो आमच्यापैकी कुणीही सांगायला घेतला की बाकीचे चहाचे कप खाली ठेवतात.

सरांना मोतीबिंदू झाला होता, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष होत आलं तरी सर तयार होईनात. काकूंनी आम्हाला बोलावून घेतलं. "तुमचं तरी ऐकतील. माझं ऐकून झालंय त्यांचं."

सर म्हणाले, "मला ऑपरेशनची भीती नाही रे. शेजारच्यांनी केलं, ते म्हणतात आता सगळं स्वच्छ दिसतं, जरा निळसर, पांढरं. मग मी इतकी वर्षं बघतोय ते गवत कुठलं?"

आम्ही चहा संपवून खाली उतरलो.

मग एका संध्याकाळी चाळीच्या जिन्यात सरांची एक पायरी चुकली. लागलं नाही, पण ते तिथेच कठडा धरून बराच वेळ बसून राहिले. वर येऊन काकूंना म्हणाले, "अगं, तारीख घे."

आधी उजवा डोळा झाला. डावा दिवाळीनंतर करायचा होता. मधले दिवस सर गॅलरीत उभे राहून एकदा हा डोळा मिटायचे, एकदा तो. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी काकूंना खाली भाजीवाल्याकडे गाठलं. "वहिनी, राग मानू नका, पण सर डोळा मारतात हो. या वयात बरं दिसत नाही."

काकू म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते कावळ्यालासुद्धा मारतात."

आम्हाला सर म्हणाले, "या डोळ्यानं बघितलं तर भिंत पांढरी. त्या डोळ्यानं बघितलं तर तीच भिंत चहात बुडवलेली. दोन घरं आहेत माझी सध्या."

गवताचे दिवस आले. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली, पण थेंब वेळेवर घालायला हवेत म्हणून या खेपेला काकू बरोबर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! एरवी म्हणायच्या, "तुमच्या गवतात मला काय काम?" त्या दिवशी संध्याकाळी त्या एका कातळावर बसल्या होत्या. थेंबांची बाटली रुमालात गुंडाळून हातात. पाठीमागे पिकलेलं गवत आणि खाली उतरलेलं ऊन. सरांनी कॅमेरा उचलला, एक फोटो काढला, आणि कॅमेरा बॅगेत ठेवून दिला. दिवसभरात त्यांनी काढलेला तो एकच.

घरी येऊन ते त्या एका फोटोवर कितीतरी दिवस बसले. एक डोळा हातानं झाकायचा, बघायचं. दुसरा झाकायचा, बघायचं. शेवटी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि टेबलावर दोन प्रिंट ठेवल्या. एकात गवत फिकं, काडी न् काडी वेगळी, आभाळ निळं, काकूंचे केस पांढरेशुभ्र. दुसऱ्यात सगळं हळदीच्या दुधासारखं, आणि काकूंचे केस त्या गवताच्याच रंगाचे.

"हा उजव्या डोळ्याचा. आणि हा डाव्याचा," सर म्हणाले. "डाव्याचं हे शेवटचं गवत. पुढच्या आठवड्यात तोही स्वच्छ होईल."

मिलिंदनं दोन्ही फोटो नीट पाहिले. या वेळी तो दातांचं काही बोलला नाही. "सर, यातला फायनल कुठला?"

"दुसरा डोळा झाला की सांगतो."

काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. दोन्ही फोटोंकडे एकेकदा पाहिलं. "गवत बरं आलंय," म्हणाल्या आणि लिंबू आणायला आत गेल्या.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. आम्ही तिघंही दवाखान्यात पोचलो. काकू थेंबांची बाटली घेऊन सरांच्या समोर उभ्या होत्या. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला. "उघडा, सावकाश."

सरांनी डोळे उघडले. दोन्ही. समोर काकू. सर बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की डॉक्टरांना काळजी वाटली. "सर, स्पष्ट दिसतंय ना?"

सरांनी नुसती मान डोलावली. काकू अवघडल्या. शेवटी परबला राहवलं नाही. तो हळूच म्हणाला, "काय सर? काही करेक्शन?"

"छे," सर म्हणाले. "काही करू नका. आहे तशीच राहू दे."

काकूंनी पदर सारखा केला. "मान वर करा," त्या म्हणाल्या, "थेंब घालायचेत."